दातात लिहिलेले दिवस

समोरच्या दोन दातांवरून एकदा जीभ फिरव बघू. गुळगुळीत लागतात ना? आता कल्पना कर, की हे दात नखांसारखे रोज थोडे थोडे वाढतायत. खालून नवा भाग येतोय, वरचा जुना भाग झिजतोय, आणि हे जन्मभर असंच चालणार आहे. रात्री तुला झोप लागली, की त्या दिवसाचा एक पातळसा थर दातात बसतो. दिवस मजेत गेला तर थर एका रंगाचा. कुणी घाबरवलं, अंधारात कोंडलं, उपाशी ठेवलं, तर दुसऱ्या रंगाचा. तू कुणापाशी चकार शब्द काढला नाहीस, तरी तुझे दात बघून कुणालाही कळेल, की गेल्या महिन्यात तुझं कसं चाललं होतं.

आपले दात असे नाहीत. एकदा आले की आले. पण उंदराचे तसे आहेत. खारीचे, सशाचे, हॅमस्टरचे, गिनीपिगचे तसे आहेत. म्हणून तर हे प्राणी सतत काहीतरी कुरतडत असतात. कुरतडलं नाही तर दात इतके वाढतील, की तोंड मिटणारच नाही.

आता आणखी एक कल्पना कर. आजपासून काही वर्षं पुढे जा. फार पुढे नको, तू कॉलेजात जाशील एवढंच. तिथे कोल्हापुरात, राजारामपुरीच्या एका गल्लीत एक छोटं दुकान आहे. ‘म्हेत्रे पेट्स’. काचेच्या पेटीत मासे, जाळीच्या पिंजऱ्यात ससे, कोपऱ्यात खाद्याची पोती. गल्ल्यावर अरविंद म्हेत्रे. आणि पोत्यावर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून गणितं सोडवतेय ती त्यांची मुलगी शलाका. सहावीत आहे. शाळा सुटली की घरी न जाता ती आधी दुकानात येते, कारण घरी गणितं सोडवताना पायाशी कुणी कुरतडत बसलेलं नसतं.

दुकानात गिऱ्हाईक आलं, की प्रश्न ठरलेले. हा काय खातो? चावतो का? वास येतो का? अजून असाच पण तपकिरी आहे का? “हा आला कुठून?” असं मात्र कुणी विचारत नसे. शलाकानं एकदा विचारलं होतं.

“एजंट आणतो,” पप्पा म्हणाले.

“आणि एजंट कुठून आणतो?”

“तो दुसऱ्या एजंटाकडनं.”

“आणि तो?”

“तू माझी शिकवणी घ्यायला बसलीयस काय गं?”

पप्पांना खरंच माहीत नव्हतं. त्यांना फक्त शेवटचा टप्पा माहीत होता. सकाळी लांबच्या गावाहून बस येई, तिच्या पोटातल्या सामानातून भोकं पाडलेला एक खोका बाहेर काढला जाई, आणि तो खोका दुकानात उघडला जाई. त्यात काही हलत असे, काही हलत नसे.

मग एक यंत्र आलं.

कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या दातात रोजचा थर बसतो हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. पण तो बघायचा तर दात काढून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे. शलाकाच्या काळात कुणीतरी तो जिवंत प्राण्याच्या तोंडात, न दुखवता वाचायची युक्ती काढली. यंत्र दिसायला पाण्याच्या बाटलीएवढं. त्याला एक नळी, नळीच्या टोकाला गाजराचा तुकडा. प्राणी येतो, गाजर कुरतडायला लागतो, आणि तेवढ्यात एक मंद प्रकाश त्याच्या दातातून आरपार जातो. प्राणी घाबरलेला असला, की त्याच्या रक्तात एक विशिष्ट द्रव्य वाढतं. ते वाढलं, की त्या दिवशीचा थर नीट घट्ट बसत नाही आणि तिथून प्रकाश वेगळा जातो. यंत्र हे सगळं मोजून कागदाची एक अरुंद पट्टी छापून देतं. घाबरलेला दिवस गडद, बरा दिवस फिका. पट्टीचं एक टोक म्हणजे दाताचं झिजत आलेलं टोक, म्हणजे सगळ्यांत जुने दिवस. दुसरं टोक हिरडीपाशी, म्हणजे काल.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेव. एक, दात झिजत असतो, म्हणून या यंत्राला साधारण महिना-दीड महिन्यामागचं काही दिसत नाही. दुसरी, प्राणी किती घाबरला हे यंत्र सांगतं. कशाला घाबरला, हे सांगत नाही. ते माणसानंच शोधायचं असतं.

नवा कायदा असा झाला, की पट्टी काढून गिऱ्हाईकाच्या हातात दिल्याशिवाय एकही प्राणी विकायचा नाही.

यंत्र दुकानात आलं त्या दिवशी पप्पांनी आधी एजंटाकडचे हॅमस्टर तपासले. पट्टी टोकापासून हिरडीपर्यंत काळीकुट्ट. दुसरा, तिसरा, तसाच. पप्पांनी त्या पट्ट्या गल्ल्यावर ठेवल्या. मग त्यांनी एजंटाला फोन लावला. “उद्यापासून खोका पाठवू नका.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. “नाही, परतही पाठवत नाही. परत पाठवायचं म्हणजे पुन्हा तीच बस. राहू देत माझ्याकडं.”

फोन ठेवून ते शलाकाला म्हणाले, “आता आपल्या दुकानात फक्त अक्काची जनावरं. तिची पट्टी बघ कशी दुधासारखी येते!”

अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण, शलाकाची रत्नमाला आत्ती. ती इचलकरंजीला राहते. एके काळी तिच्या घरामागच्या शेडमध्ये यजमानांचे माग होते. यजमान गेले, माग विकले गेले, शेड उरली. रिकामी शेड बघवेना, म्हणून आत्तीनं त्यात गिनीपिग पाळायला सुरुवात केली. आज तेच तिचं पोटापाण्याचं साधन. पिंजरे ऐसपैस, खाली रोज कोरडं गवत, खायला मक्याची पानं आणि मंडईतल्या ताज्या भाज्या. आत्तीच्या गिनीपिगची ख्याती अशी, की फार शांत. हातात घ्या, हलत नाहीत. ओरडत नाहीत, चावत नाहीत, पळत नाहीत. लहान मुलांच्या आया खास तेच मागून नेत.

आत्ती स्वतः मात्र अजिबात शांत नव्हती. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येई. यंत्र आल्यानंतर ती पहिल्यांदा आली, त्या दिवशीही तो टोपलीच्या आधी दुकानात पोचला.

“अरविंदाऽ! उचल की रं टोपली! का पाव्हण्यासारखा बघतोयस?”

दुकानात एक बाई आपल्या मुलासाठी गिनीपिग बघायला आल्या होत्या. पप्पांना आनंद झाला. “बघा, मालकीणबाईच आल्या! ह्यांच्या हातची जनावरं. मशीन लावून दाखवतो, तुमच्या समोर.”

“लाव, लाव,” आत्ती खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाली. “माज्या पोरांचं दात काय सांगत्यात, मला बी बगू दे.”

टोपलीतल्या एका पांढऱ्या-तपकिरी गिनीपिगला गाजर कुरतडायला यायला बराच वेळ लागला. शेवटी आला. यंत्रातून पट्टी सरकत बाहेर आली.

गडद होती.

पप्पांनी दुसरा घेतला. गडद. तिसरा. मध्ये कुठंकुठं फिकी रेघ, बाकी सगळी गडद. मुलानं आईचा हात ओढला. “आई, याला कुणी मारतं का?”

त्या बाई हळूच म्हणाल्या, “आम्ही नंतर येतो,” आणि गेल्या.

आत्तीचा चेहरा शलाकानं असा कधी पाहिला नव्हता. “मारतं?” ती म्हणाली. तिचा तो मोठा आवाज एकदम कुठं गेला कुणास ठाऊक. “मी मारते? पिल्लाला दूध मिळालं न्हाई तर रात रात मांडीवर घेऊन बसते मी. अरविंदा, सांग त्यांना जाऊन.”

“अक्का, मशीनमध्ये काहीतरी गडबड असेल.”

“असंल न्हवं. हाय.” ती उठली. रिकामी टोपली घेतली आणि चहा न घेता निघून गेली. आत्ती चहा न घेता गेली, असं म्हेत्र्यांच्या घरात आजवर झालं नव्हतं.

त्यानंतर काय झालं, ते जरा लक्ष देऊन ऐक. इथून पुढं वाईट कुणीच नाही, आणि तरीही वाईट घडत राहतं. अशी गोष्ट ओळखायला फार अवघड असते.

आत्तीचे गिनीपिग दुकानामागच्या खोलीत राहिले. खोली शांत होती. पहिले काही दिवस ते कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले. मग एकदा शलाका भाजीची पिशवी घेऊन आत गेली आणि पिशवीची जराशी सळसळ होताच पिंजऱ्यातून एक लांब, तीक्ष्ण शिट्टी आली. मग दुसरी. मग सगळ्यांनी मिळून गोंधळ घातला. आत्तीच्या गिनीपिगला आवाज असतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

महिना उलटून गेल्यावर पप्पांनी पुन्हा यंत्र लावलं. पट्टी फिकी. जवळजवळ दुधासारखी.

“शलाका! बघ, बघ! काळा भाग झिजून गेला!” पप्पा खुर्चीतून उठलेच. “झालं की मग! अक्काकडनं आलेली जनावरं मागच्या खोलीत ठेवायची, दात झिजू द्यायचा आणि मग पट्टी काढायची. कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही, की आल्या दिवशीच काढा म्हणून.”

“आणि आत्तीला काय सांगायचं?”

“सांगितलं की. मशीन बिघडलं होतं, दुरुस्त केलं.”

“पण ते बिघडलं नव्हतं, पप्पा.”

“अगं, अक्काचं मन राहिलं. दुकान चाललं. गिऱ्हाईकाला चांगली पट्टी मिळाली. कुणाचं बिघडलं सांग?”

शलाकानं दाराकडे बघितलं. सकाळीच आत्तीकडून नवी टोपली आली होती. तिच्यातले आठ-दहा जीव गवतात तोंड खुपसून दगडासारखे बसले होते.

“ह्यांचं,” ती म्हणाली. “आणि आत्तीकडं आज जन्मलेत त्यांचं. पप्पा, दाताचं टोक झिजलंय. तिथलं काही झिजलेलं नाही.”

पप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “अक्कानं मला अंगाखांद्यावर वाढवलंय. त्या दिवशी ती कशी गेली, बघितलंस ना? मी तिला दुसऱ्यांदा तसं जाताना बघणार नाही. तू काही बोलायचं नाहीस.”

शलाका बोलली नाही. पण तिनं नव्या टोपलीतल्या सगळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि एकाखाली एक मांडल्या. आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. मधल्या त्या फिक्या रेघा सगळ्या पट्ट्यांवर एकाच जागी होत्या. गडद, गडद, गडद, मग एक फिकी. पुन्हा तसंच. प्राणी वेगवेगळे, पिंजरे वेगवेगळे, पण त्यांचा बरा दिवस एकच. आठवड्यातून एकदा.

“पप्पा, इचलकरंजीत आठवड्यातून एकदा काय असतं?”

पप्पा पोती रचत होते. “बाजार असतो. मागांना सुट्टी असते. का?”

“सहज.”

बाजार की सुट्टी? बाजाराच्या दिवशी आत्ती काही वेगळं खायला आणत असेल. आणि सुट्टी… पण आत्तीच्या शेडमध्ये तर आता माग नव्हते. शलाकानं विचार केला, इथं बसून हे कळणार नाही. “पुढची टोपली आणायला मीपण येणार,” ती म्हणाली.

ते कामाच्या दिवशी गेले. आजवर शलाका आत्तीकडे नेहमी सुट्टीदिवशीच गेली होती, कारण सगळ्या नातेवाइकांना सवड तेव्हाच असे. त्यामुळे आत्तीच्या गल्लीत पाय ठेवला आणि ती जागीच थांबली.

खडखट खडखट खडखट खडखट. दोन्ही बाजूंच्या शेडमधून. शहरात नवे माग आले होते, ते पुष्कळसे मुके. पण या गल्लीत अजून जुने, धोट्याचे माग होते. लाकडी धोटा इकडून तिकडे आदळत होता आणि प्रत्येक आदळण्याबरोबर जमीन हादरत होती. शलाकानं कानांवर हात ठेवले. पप्पा सहज चालत पुढं गेले.

आत्तीच्या शेडची एक भिंत आणि शेजारच्या शेडची एक भिंत एकच होती. त्याच भिंतीला लागून पिंजरे.

“या गं बाई! लई दिसांनी!” आत्तीनं तिच्या गालांवरून हात फिरवले. पप्पा बाजल्यावर टेकले. “इथं आलं की कशी झोप येते बघ,” ते म्हणाले आणि खरोखरच मिनिटाभरात घोरायला लागले. कोल्हापुरात त्यांना थंडीतसुद्धा पंख्याच्या घरघरीशिवाय झोप लागत नसे.

“आत्ती, इथं एवढा आवाज असतो?” शलाका ओरडली.

“आँ?”

“आवाज!”

आत्तीनं इकडंतिकडं बघितलं. “कुठला आवाज?”

ती चेष्टा करत नव्हती.

मग शलाका पिंजऱ्यांपाशी गेली. गिनीपिग कोपऱ्यात बसले होते, डोळे सताड उघडे. तिनं गाजर पुढं धरलं. कुणी हललं नाही.

“बगितलंस? किती गुणी,” आत्ती मागून म्हणाली.

“ही कधीच पळत नाहीत, आत्ती?”

“पळत्यात की. सुट्टीदिवशी. त्या दिवशी उड्या काय, पळापळ काय! मी म्हनते, ह्यांना बी कळतंय बग सुट्टी हाय म्हनून.” ती हसली.

“बाजारातून त्या दिवशी काही वेगळं आणतेस त्यांना?”

“बाजार दुसऱ्या दिवशी असतोय. का गं? तुझं तोंड का उतरलं?”

शलाकानं पिंजऱ्यातल्या पाण्याच्या वाटीकडे बोट दाखवलं. पाण्यावर वर्तुळं उमटत होती. बारीक, एकामागोमाग एक. थांबतच नव्हती.

“पाणी हलतंय, आत्ती.”

“पाणी हलनारच की.”

“नाही. आमच्याकडं हलत नाही.” शलाकानं श्वास घेतला आणि मग थांबलीच नाही. मशीन बिघडलं नव्हतं, पप्पांनी खोटं सांगितलं, पट्टीवर आठवड्यातून एकच दिवस फिका येतो आणि तो सुट्टीचा असतो, हे सगळं तिनं ओरडून ओरडून सांगितलं. “घाबरलं, की गिनीपिग पळत नाही, आत्ती. तो थिजतो. मोठ्या प्राण्याला दिसू नये म्हणून. ही गुणी नाहीत. ही दिवसभर, रात्रभर थिजून बसलीयत.”

आत्तीनं तिचं सगळं ओठांवरून वाचलं. मागांवर काम केलेल्या बायकांना ते येतं. मग तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला, दुकानात झाला होता तसा.

“ह्याच आवाजात तुजा बाप जलमला. मी जलमले. आमची झोळी मागाला बांधलेली असायची. आमास्नी काय झालं? मेलो? तुजा बाप बग तिकडं कसा झोपलाय! आनि ह्या एवढ्याशा उंदरांना भ्या वाटतंय व्हय?”

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागं सरली नाही. “हो,” ती म्हणाली. “वाटतंय.”

तेवढ्यात पाळी बदलायची वेळ झाली. शेजारचे माग एकेक करत थांबले.

कशी शांतता पसरली म्हणून सांगू! आणि त्या शांततेनं बाजल्यावरचे पप्पा दचकून उठले. “काय झालं? काय झालं?”

आत्ती आणि शलाका दोघी पिंजऱ्याकडे बघत होत्या. वाटीतलं पाणी काचेसारखं स्थिर झालं. गवतातून एक नाक बाहेर आलं. मग एक अख्खा गिनीपिग. त्यानं गाजर ओढून घेतलं. शेजारच्या पिंजऱ्यात एका पिल्लानं टुणकन उडी मारली. मग शिट्ट्या सुरू झाल्या, एकामागून एक.

“ऐक, आत्ती! शिट्ट्या!”

“कुठं?” आत्ती म्हणाली. तिनं कानामागं हात धरला, मान पुढं केली. “मला न्हाई गं येत ऐकू. तोंडं उघडल्याली दिसत्यात.”

सतत मोठ्या आवाजात राहिलं, की कानाच्या आतले बारीक केसांसारखे तंतू मोडत जातात. ते पुन्हा उगवत नाहीत. आणि आधी जातो तो उंच, बारीक आवाज. पाखरांचा, लहान मुलांचा, गिनीपिगच्या शिट्टीचा. इतकी वर्षं आत्तीनं त्यांना हातानं भरवलं, पण त्यांची हाक तिला कधी पोचलीच नव्हती.

पुढची पाळी आली. खडखट खडखट. गाजर तिथंच पडलं. पिल्लू जिथं होतं तिथं थिजलं. बाकीचे गवतात घुसले. पाण्यावर वर्तुळं उमटायला लागली.

आत्ती खाली बसली. तिनं एक हात पिंजऱ्यावर ठेवला.

“मानसाचं दात वाचतंय का गं ते मशीन?” तिनं विचारलं.

“नाही. आपले एकदाच येतात. लहानपणीचे दिवस दुधाच्या दातात असतात म्हणे.”

“ते गेलं कवाच कौलावर.” आत्ती पुसटसं हसली. “आमास्नी कुनी इचारलं न्हाई, तुमाला कसं वाटतंय म्हनून. म्या बी ह्यांना इचारलं न्हाई.”

पप्पा पायाशी येऊन बसले. “अक्का, मशीन बिघडलं नव्हतं. मीच…”

“कळलं. पोरीनं सांगितलं. तुज्यापेक्षा ती बरी.” मग तिनं शलाकाकडे बघितलं, सरळ, मोठ्या माणसाकडे बघावं तसं. “आता तूच सांग. शेजारच्यांचं माग बंद पाडू? त्यांनी काय खायाचं? का हे सोडून देऊ? ह्या वयात मला दुसरं काम कोन देतंय?”

शलाकाला जेवढं माहीत होतं तेवढंच तिनं सांगितलं. “आज आम्ही जेवढी मावतील तेवढी घेऊन जातो. दुकानात गिऱ्हाईकानं विचारलं नाही तरी खरं सांगायचं, कुठून आली आणि पहिल्या दिवशीची पट्टी कशी होती ते. आणि आत्ती, दुसरी जागा मिळेपर्यंत नर आणि माद्या वेगळे ठेवायचे. नवी पिल्लं नकोत.”

“आणि जागा नाहीच मिळाली तर?” पप्पांनी विचारलं.

“शोधली कुठं अजून?”

आत्ती उठली. तिनं पदर खोचला आणि एकेका नराला उचलून पलीकडच्या पिंजऱ्यांत ठेवायला सुरुवात केली. शलाका दारं धरत होती. पप्पा टोपल्या भरत होते. काम संपायला ऊन उतरलं.

“चला, शेवटची बस गाठू,” पप्पा म्हणाले. “जागेचं बघू नंतर. कुणाला तरी फोन करतो.”

“नाही, आत्ताच,” शलाका म्हणाली. “आत्ती रोज चालत जाईल एवढ्यात मिळायला हवी. तुम्हा दोघांना आवाज कळत नाही. कान माझेच चालतील.”

तिनं एका वाटीत पाणी घेतलं आणि गल्लीतून निघाली. पन्नास पावलं जायची, कुणाच्या तरी पायरीवर वाटी ठेवायची, खाली वाकून बघायचं. “अजून आहे.” पुढं. “अजून आहे.” मागून आत्ती आणि पप्पा. लोक दारात येऊन बघायला लागले. “काय हरवलं काय, रत्नाक्का?” एकानं विचारलं. “हरवलंय खरं,” आत्ती म्हणाली आणि चालत राहिली.

शेड संपल्या. घरं विरळ झाली. मग चिंचेच्या झाडाखाली, आवारातल्या एका बैठ्या घराच्या पायरीवर शलाकानं वाटी ठेवली. तिघंही वाकले. पाण्यात चिंचेची फांदी दिसत होती, स्वच्छ, न मोडलेली. घराची एक बाजू वापरात होती. दुसऱ्या बाजूच्या दाराला कुलूप होतं, त्यावर धूळ.

“कुनाचं हाय कुनाला ठावं,” आत्ती कुजबुजली. निदान तिला वाटलं, ती कुजबुजली. “त्ये काय म्हनतील? उंदरं पाळायला खोली?”

“उद्या माणूस पाठवून विचारू,” पप्पा म्हणाले. “असं एकदम…”

शलाकानं चपला काढल्या, पायरी चढली आणि कडी वाजवली.

“कोण आहे?” आतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला.

“मी शलाका म्हेत्रे,” ती म्हणाली. “तुमची बंद खोली मागायला आलेय. कशासाठी ते सांगायला जरा वेळ लागेल. मी आत येऊ?”

दार उघडलं, आणि शलाका आत गेली.